लच्छम्माची बदकं

"अक्का, इथं पाणी खोल आहे काय?"

मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून शिंगाड्याची वेल उलटी करत होते. हाताला काटे लागू नयेत म्हणून एकेक फळ बेतानं खुडायचं असतं, त्यामुळे वर बघितलं नाही. पण त्या आवाजामागून दुसरा आवाज आला. शंभर बाया एकदम कुजबुजाव्यात तसा. मान वर केली तर तलावाची अख्खी पाळ हलत होती. तपकिरी, करडी, मधूनच पांढरी बदकं. पुढची थांबली की मागची त्यांच्या अंगावर चढायची. त्यांच्या मागे वीस-बावीस वर्षांची एक बाई उभी होती. हातातल्या लांब बांबूच्या टोकाला फडकं बांधलेलं आणि लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला.

"खोल कुठं हाय, कुठं नाई. तू कोण वो?"

"लच्छम्मा. तिकडून आली, आंध्राकडून. धान कापलं की शेतात बदकं चारते. पडलेला दाणा खातात, गोगलगाय खातात." तिनं बोटं दाखवली. "सात दिवस. नवरा अर्धी बदकं घेऊन नदीपार गेला. तो आला की जाते. शेतात पाणी नाही उरलं, अक्का. बदक पाण्याबिगर मरते."

पाळीवर तानाबाई शिंगाडे सोलत बसली होती. सत्तरीची बाई, पण जिभेला वय नव्हतं. ती म्हणाली, "देऊन टाक, अंजिरा. सात दिवसांत का तलाव पिऊन घेतील? यंदा तू मालकीण होय."

मालकीण नव्हते, राखणदारीण होते. आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तलावाची काठी एका घरातून दुसऱ्या घरात जायची. ज्याच्या घरी काठी, त्याची वर्षभर राखण. कोणी जाळं टाकायचं, कोणाची जनावरं पाण्यावर येतील, कमळ कुठवर तोडायचं, हे त्या घरानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्या वर्षी काठी आमच्याकडे होती. माझा नवरा शालिक मासेमारी संस्थेच्या कामाला तालुक्याला गेला होता, तो दोन दिवसांनी येणार होता. म्हणजे हो म्हणायचं की नाही, ते मीच ठरवायचं होतं.

आणि त्या वर्षी राखायला काहीतरी होतंही.

"इकडे ये," मी लच्छम्माला म्हटलं. ती पाळीच्या कडेला आली. "ते कमळाचं रान दिसते? त्याच्या पलीकडे उथळात पाह्य."

तिथं सारसाची जोडी उभी होती. दोघांच्याही माना लाल, माणसाच्या उंचीचे पक्षी. दोघांच्या मधोमध त्यांचं पिल्लू. अंगानं आईएवढं झालेलं, पण डोकं अजून विटकरी रंगाचं. ते पंख पसरून दोन पावलं धावायचं आणि आपल्यालाच घाबरल्यासारखं थांबायचं.

"उडत नाही?" लच्छम्मानं विचारलं.

"अजून नाई. दहा-बारा दिवसांत उडंल."

"मागची अकरा वर्षं एकही उडालं नाई," तानाबाई म्हणाली. "कधी अंडी कुत्र्यांनी खाल्ली, कधी पुरात गेली. शेवटचं उडालं ते माह्या राखणीत."

आमच्याकडे धान कांडताना बाया एक गाणं म्हणत. ज्या वर्षी सारसाचं पिल्लू उडेल, त्या वर्षीच्या राखणदारणीचं नाव त्यात गुंफायचं. सासवांची, आजेसासवांची नावं होती त्यात. ज्यांचे चेहरे कुणाला आठवत नव्हते, अशा बायांची नावं होती.

*तलावाच्या काठी बाई, उभी सारसाची जोडी
एक टिपतो ग दाणा, दुजीच्या चोचीत सोडी.
तानाबाईच्या राखणी लेक उडाली उडाली
तिच्या पंखांच्या वाऱ्यानं पिकं धानाची डुलली.*

तानाबाईनंतर गाणं थांबलं होतं. मला त्यात जायचं होतं. आज सांगायला लाज वाटत नाही, फार जायचं होतं. रोज सकाळी पाळीवर येऊन मी आधी त्या पिल्लाचे पंख बघायची आणि मग तोंड धुवायची.

"बदकं या बाजूला," मी लच्छम्माला सांगितलं. "हे पळसाचं झाड ते तो मोठा दगड. कमळाच्या रानाकडे एकबी जायला नाई पायजे."

"नाही जाणार." तिनं डोक्यावर हात ठेवला. "पिल्लू उडू दे, अक्का. मी पण बघते."

तिनं तोंडानं एक लांब शीळ घातली आणि चारशे बदकं पाळीवरून पाण्यात घसरली. इतका आनंद मी त्या पाण्यात कधी पाहिला नव्हता. मीही हसले. तानाबाईनं सोललेला शिंगाडा लच्छम्माच्या हातावर ठेवला.

शालिक परत आला तेव्हा पाळीवरच थांबला. पाण्याकडे बघत त्यानं खांद्यावरची पिशवी हळूच खाली ठेवली.

"हे का होय?"

"सात दिवसांसाठी आली. तीन दिवस झाले."

"पाणी पाह्यलं काय तू? भाताची पेज होऊन राह्यली."

खरंच होती. बदकं तळाचा चिखल चोचीनं चाळायची. पहिल्या दिवशी तळाचे शिंपले दिसत होते, आता हात घातला तर बोटं दिसत नव्हती. शिंगाड्याच्या वेली तुटून काठाला लागल्या होत्या. आणि दुसरं एक झालं होतं, ते शालिकच्या लक्षात आधी आलं. तलावभर विखुरलेले आमचे पक्षी या बाजूला दिसेनासे झाले होते. कमळाच्या पानावर चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, टिबुकल्या, थंडीला आलेली अडई बदकं, सगळी दाटीवाटीनं पलीकडच्या उथळात गेली होती. सारसाच्या भोवती जत्रा भरली होती.

"घरचे लोक ओसरीवर आणि पाहुणा माजघरात," शालिक म्हणाला. "काढ त्यांना."

"शब्द देल्ला मी."

"माह्याविना?"

"काठी घरात हाय, तुह्या हातात नाई," मी म्हटलं. तानाबाई फसकन हसली. शालिकही हसला, पण त्याचे डोळे पाण्यावरच होते.

"चार दिवस," तो म्हणाला. "त्याच्यावर एकबी दिवस नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी लच्छम्मा पळसाखाली पाय पसरून बसली होती. तिच्या मांडीवर तीन बदकं होती. माना बाहेर लोंबत होत्या.

"काय झालं वो?"

"थंडी," ती म्हणाली. "कधी कधी मरते." पण ती माझ्याकडे बघत नव्हती. बांबूच्या टोकानं ती जमीन उकरत होती. "खड्डा करते. चुना असला तर दे थोडा, अक्का. आम्ही चुना टाकून पुरतो."

"खड्ड्यात?" मला ते कसंसंच वाटलं. "पाण्यातल्या जिवाला मातीत गाडते? कुत्रे उकरतील."

"आमच्यात असंच करतात."

"आमच्यात नाई करत."

आमच्यात पाण्याचं पाण्याला देत. म्हातारं कासव मेलं, जाळ्यात पाणकोंबडी गुदमरली, की राखणीतल्या घरची बाई तिला कमळाच्या पानात गुंडाळायची, पोटाशी मातीचा गोळा ठेवायची, कमळाच्याच देठानं बांधायची आणि डोंग्यातून नेऊन सोडायची. सासूनं मला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. देठ सोलून त्याचा धागा कसा काढायचा, पान कोणत्या बाजूनं आत घ्यायचं, सगळं.

मी तिच्या मांडीवरून बदकं उचलली. अजून ऊब होती. चोचीतून चिकट पाणी गळत होतं, ते मी पदरानं पुसलं. तीन पानं, तीन गोळे. पळसापाशी तर तिचीच चारशे बदकं धिंगाणा घालत होती. म्हणून डोंगा वल्हवत मी कमळाच्या रानापलीकडे गेले. तिथं शांत होतं. सारसाची जोडी बाजूला सरकली, मला ती ओळखायची. पिल्लू मान वाकडी करून बघत राहिलं. मी एकेक पुडी हलकेच सोडली आणि म्हटलं,

*पाण्याची ही लेक, पाण्या, तुझ्या ओटीत घातली
कमळाच्या पानावर तिची पालखी चालली.*

परत आले तेव्हा लच्छम्मा पाळीवर उभी होती. तिला शब्द कळले नसतील, पण ती रडत होती. "आमच्या बदकांसाठी कुणी गाणं नाही म्हटलं कधी," ती म्हणाली. तिनं माझा ओला हात आपल्या कपाळाला लावला.

त्यानंतरच्या सकाळी पाच होती. पुढच्या सकाळी अकरा.

"अक्का, आता नको," लच्छम्मा म्हणाली. तिचा चेहरा सुकला होता. "हे जास्त झालं. ही थंडी नाही. मी खड्डा करते."

"पहिल्या तिघींना पालखी आणि या अकरा जणींना खड्डा?" मी म्हटलं. "थकली असशील तर बस. मी नेतो ना."

ती बसली नाही. तिनं पानं तोडून आणली, मी बांधली. शालिकला मी काही सांगितलं नाही. तो बदकांवर आधीच चिडला होता, मेल्याचं ऐकून त्यानं तिला त्याच घटकेला हाकललं असतं. आणि मला वाटत होतं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

त्या दुपारी एक टिबुकली पाण्यात गोल गोल फिरताना दिसली. छोटासा पक्षी, एरवी आपण बघितलं की बुडी मारून नाहीसा होतो. ती बुडी मारत नव्हती. एकाच जागी भोवऱ्यासारखी फिरत होती. आधी मला तो खेळ वाटला. मग तिची मान पाठीवर पडली आणि ती तशीच तरंगत राहिली.

संध्याकाळपर्यंत काठाला अडई बदकं लागली. सकाळी पाणकोंबड्या. तानाबाई काठाकाठानं चालत मोजत होती, मग तिनं मोजणं सोडलं.

"शालिक, डॉक्टरले बोलाव," ती म्हणाली. "गुरांच्या डॉक्टरले. अन् वनखात्याले सांग. लवकर जा गा."

तो सायकल घेऊन गेला. मी डोंगा काढला.

पिल्लू उभं होतं. पण पंख मिटलेले नव्हते, दोन्ही बाजूंना ओले कपडे लोंबावेत तसे लोंबत होते. आई चोचीनं त्याच्या मानेला वर ढोसायची, मान वर यायची आणि पुन्हा खाली जायची. बाप पाण्यात फेऱ्या घालत होता. मी जवळ गेले तर एरवी बाजूला सरकणारा तो पक्षी पंख उघडून माझ्यावर आला. मी डोंगा मागे घेतला. लांबून बघत बसले. उन्हं चढली तसं ते पिल्लू गुडघ्यात वाकलं, जणू बसतंय असं वाटलं. बसलं नाही. आडवं झालं.

मग त्या दोघांनी माना वर करून जे ओरडायला सुरुवात केली, ते गावाच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं असणार. टोल्यातल्या बाया घराबाहेर आल्या. काही जणी धावत निघाल्या, त्यांना वाटलं पिल्लू उडालं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं हातमोजे चढवले, दोन पक्षी कापून पाहिले. पाळीवर सगळा टोला जमला होता. लच्छम्मा तिच्या बदकांपुढे उभी होती, बांबू छातीशी धरून.

"रोग या बदकांबरोबर आलाय," डॉक्टर म्हणाला. "पण बदकांत मर झाली तरी तलावातले बाकीचे पक्षी असे साफ होत नाहीत. यातली मेलेली बदकं कुठं टाकली?"

त्यानं जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली.

"पाण्यात टाकली का? मेलेला एक पक्षी पाण्यात सडला की तेवढं पाणी विष होतं. पुरली असती, चुना टाकून पुरली असती, तर कदाचित हिच्या कळपावरच भागलं असतं."

शालिकनं आकड्याचा बांबू घेतला आणि डोंगा उथळाकडे नेला. त्यानं दोनदा आकडा टाकला. तिसऱ्यांदा काहीतरी वर आलं. ते घेऊन तो परत आला आणि पाळीवर ठेवलं. काळं पडलेलं कमळाचं पान, त्यावर देठाच्या धाग्याची गाठ. पानाच्या फटीतून बदकाचा पाय बाहेर आला होता.

ती पुडी बघून टोल्यात कुजबुज उठली. असं कोण बांधतं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शालिक उकिडवा बसून त्या गाठीकडे बघत होता. मी एक पाऊल पुढे टाकलं, मला आठवतं, टाकलं होतं.

"मी," लच्छम्मा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी टाकली. ही अक्का एक पाणकोंबडी अशी सोडत होती, मी बघितलं. मला वाटलं इथं असंच करायचं. मी बांधली, मी टाकली. रोज."

माझ्या राखणीत एकही पाणकोंबडी मी तोपर्यंत सोडली नव्हती.

तानाबाईनं खाली वाकून मूठभर चिखल उचलला आणि लच्छम्माच्या तोंडावर मारला. "अकरा वर्षं वो!" ती ओरडली. "अकरा वर्षं वाट पाह्यली आम्ही!" मग दुसऱ्या बायांनीही उचलला. कुणीतरी तिचा बांबू हिसकावून गुडघ्यावर मोडला. लच्छम्मा हात आडवा धरत नव्हती. चिखलातून तिचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते माझ्याकडे लागलेले नव्हते. ती फार काळजीपूर्वक दुसरीकडे बघत होती.

मी काही बोलले नाही.

मी का बोलले नाही, याचं उत्तर मी पुष्कळ वेळा शोधलं आहे. तेव्हा मनात काय होतं ते एवढंच आठवतं, की हिला तर जायचंच आहे. मला इथं पाणी भरायचं आहे, इथंच धान कांडायचं आहे, याच बायांमध्ये.

डॉक्टरच्या माणसांनी उरलेली बदकं दोन दिवसांत मारून पुरली. आजारी नसलेलीही. पळसापलीकडे मोठा खड्डा घेतला, त्यात पांढरा चुना पसरला. लच्छम्मा खड्ड्याच्या कडेला बसून एकेक बदक स्वतः पकडून देत होती. बदकं तिच्याच हाताला यायची, दुसऱ्या कुणाच्या नाही. शीळ घातली की पळत यायची. शेवटी शेवटी तिच्या तोंडाला शीळ घालण्यापुरतीही ओल उरली नव्हती, तेव्हा ती नुसती नावानं हाक मारू लागली. चारशेतल्या पुष्कळ बदकांना नावं होती, ते मला त्या दिवशी कळलं.

तिचा नवरा आलाच नाही. त्याची बदकं नदीपार मेली की तो कुठं अडकला, कोणालाच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच पाळीवरून निघाली. मी वाटेत उभी होते. पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं ओंजळ धरली, प्यायली.

"मी सांगतो त्यांना," मी म्हटलं. "आत्ताच सांगतो. तू थांब."

"काय सांगते?" ती म्हणाली. "माझी बदकं आता जिवंत होतात काय?" तिनं तोंड पुसलं. "तू गाणं म्हटलं त्यांच्यासाठी. जाऊ दे."

मी तिला थांबवलं नाही. तिची पाठ वळणाआड जाईपर्यंत मी उभी राहिले आणि मग घरी येऊन चूल पेटवली.

सारसाची जोडी आणखी नऊ दिवस त्या उथळात उभी होती. पिल्लू तर डॉक्टरच्या माणसांनी उचलून नेलं होतं, तरी ती दोघं त्याच जागेभोवती फिरायची, पाण्यात चोच घालून काहीतरी वर ढोसायची. दहाव्या दिवशी उथळ मोकळं होतं. "येतील," शालिक म्हणाला. मीही म्हटलं, येतील.

एकोणतीस वर्षं झाली. पाणी निवळलं, कमळ पुन्हा पसरलं, टिबुकल्याही हळूहळू आल्या. सारस आला नाही. धान कांडायला आता गिरणी आहे, गाणं म्हणायला कोणी बसत नाही. तानाबाई गेली तेव्हा ते गाणं तिच्याच नावापाशी थांबलेलं होतं.

मधूनमधून कोणी कोणी विचारायला येतात. वनखात्याचे लोक, कॉलेजची मुलं, गळ्यात कॅमेरे घातलेली माणसं. टोल्यातल्या कोणालाही विचारा, लहान पोरंही सांगतात, लच्छम्मा नावाच्या बाईनं मेलेली बदकं पाण्यात टाकली. आमच्याकडे ते नाव आता शिवीसारखं वापरतात.

शालिकच्या तोंडून मात्र मी ते नाव कधी ऐकलं नाही. तो सगळं सांगायचा, पिल्लाचे पंख कसे होते, कुठं उभं असायचं, कसं धावायचं. मग कोणीतरी विचारायचं, "पण पाण्यात टाकली कोणी?"

तो पाण्याकडे बघायचा. "झालं असंच," म्हणायचा, आणि माझ्याकडे मान न वळवता हाक द्यायचा, "अंजिरा, चहा ठेव वो पाहुण्यांले."

मागच्या पौषात तो गेला. तोवर आम्ही दोघं एका छपराखाली राहिलो, एका ताटात जेवलो आणि त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.